आखूडदांडी, बहुगुणी

कसाबखेडा फाट्यावरून देवगाव रंगारीकडे वळलेल्या गाडीत चालकाचा डावा हात स्वस्थ बसत नाही. पुढे कापसाची ट्रॉली, मग शाळा, मग मंदिर, मग गतिरोधक. गतिरोधक कसा असावा हे इंडियन रोड्स काँग्रेसने लिहून ठेवले आहे: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, त्रिज्या १७ मीटर. एवढे पाळले तर ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी त्यावरून सुखाने जाते. रातोरात घातलेल्या गतिरोधकाला हे मोजमाप कुणी दाखवलेले नसते. तिथे दुसऱ्या गिअरवर निभत नाही, पहिलाच टाकावा लागतो. मग दुसरा, तिसरा, पुन्हा ट्रॉली, पुन्हा दुसरा. अशा रस्त्यावर एखाद्या तरुण मालकाला आपल्या गिअरची दांडी फार लांब आहे असा साक्षात्कार झाला, तर त्याला हसू नये. त्याला मार्गदर्शन करावे.

तसा हा संभाजीनगर जिल्हा गाड्यांच्या बाबतीत अडाणी नाही. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, शेंद्र्याला स्कोडाचा २००१ पासून. ऑक्टोबर २०१० मध्ये शहरातल्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज एका दमात घेतल्या आणि ती बातमी देशभर गाजली. २०२३ साली आल्याला चढा भाव मिळाला, तेव्हा आले पिकवणाऱ्या कन्नड तालुक्यातही गाड्यांच्या गप्पांना जोर आला. गाडी आली की तिला काहीतरी बसवावेसे वाटते. आधी सीट कव्हर, मग हॉर्न, मग मागच्या काचेवर गावाचे नाव. एवढे झाल्यावर बाहेरून दिसणारे काही उरत नाही आणि नजर आत, गिअरकडे वळते.

मोबाइलवर मालकाने पाहिलेले असते की परदेशातला कुणी चालक मनगट नुसते हलवतो आणि गिअर पडतो. हे मनगटी गिअर खरेच असतात. १९६४ च्या पॉन्टियॅक जीटीओ या अमेरिकन गाडीत हर्स्ट कंपनीचा शिफ्टर कारखान्यातूनच बसून येई. १९८९ च्या माझदा एमएक्स-५ च्या आखूड गिअरचे कौतुक अजून संपलेले नाही. पण त्या माझदात दांडी थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर उभी आहे, मध्ये कुणी मध्यस्थ नाही. म्हणून मालकाने पहिले काम करावे ते हे, की आपल्या दांडीच्या खाली काय आहे ते पाहावे.

बोलेरोसारख्या गाडीत इंजिन उभे आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे, जवळजवळ चालकाच्या पायाशी. तिथे दांडी आणि गिअरबॉक्स यांचा संसार एकाच घरात चालतो. स्विफ्ट, आय-ट्वेंटी, पोलो यांत मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही बॉनेटखाली आडवे, आणि दांडीचे म्हणणे तिथवर पोहोचवायला दोन केबल. एक केबल डावे-उजवे सांगते, दुसरी पुढे-मागे. या गाड्यांत नुसती वरची दांडी कापून गोष्ट संपत नाही. केबल जिथे अडकते तो बुडखा किंवा गिअरबॉक्सवरचा हात बदलावा लागतो. आणि घरात आजोबांची प्रीमियर पद्मिनी असेल तर तिचा गिअर मुळातच स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे. कुर्ल्याच्या त्या गाडीचा गिअर काढून खाली जमिनीवर घेणे आणि बाकासारखी सीट काढून बकेट सीट टाकणे ही एका काळातल्या हौशी मंडळींची चैन होती. म्हणजे गिअरला हात लावण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे.

आता शास्त्र. कोणतीही गिअरची दांडी म्हणजे एक तरफ. मधे टेकू, वर हात, खाली काम. वरचा भाग कापा किंवा टेकू वर घेऊन खालचा भाग लांब करा, हाताचा प्रवास कमी होतो. कमी झालेला प्रवास मात्र दुसऱ्या खात्यावर निघतो. गावातल्या हापशाचा दांडा निम्मा कापला तर पाणी काढायला काय होईल, हे देवगावात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. हिशेब सोपा आहे. हाताचा प्रवास तीस टक्क्यांनी कमी केला तर जोर ४३ टक्क्यांनी वाढतो. दहा किलोचा जोर लागत असेल तिथे चौदा किलोहून थोडा जास्त. दांडी आखूड करण्याचे किट विकणारा पहिला आकडा मोठ्या अक्षरांत छापतो. दुसरा आकडा खांद्याला आपोआप कळतो.

हा जोर कुणावर पडतो, हे पाहणेही उद्बोधक आहे. गिअरबॉक्सच्या पोटात सिंक्रोमेशच्या छोट्या कड्या असतात, बहुधा पितळी. १९२८ मध्ये कॅडिलॅकने त्या पहिल्यांदा गाडीत आणल्या. वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दोन भाग एका वेगावर आणायचे आणि मगच गिअर पडू द्यायचा, हे त्यांचे काम. त्याआधीचे चालक ‘डबल क्लच’ करीत: क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. एसटीच्या जुन्या चालकांना हे इतके अंगवळणी पडलेले असे की निवृत्तीनंतर जावयाच्या मारुतीतही त्यांचा पाय दोनदा जाई. तर मुद्दा असा, की कड्यांना आपल्या कामाला वेळ लागतो आणि तो दांडीच्या लांबीवर ठरत नाही. आखूड दांडीने घाई केली की कडी घासते, कुरकुरते, आणि काही वर्षांनी दुसरा गिअर थंडीच्या सकाळी पडायला नकार देतो.

वेळेचा हिशेबही मालकाने वहीत मांडावा. एका बदलामागे पाव सेकंद वाचतो असे उदार मनाने धरू. देवगावहून संभाजीनगरला जाताना दोनशे वेळा गिअर बदलला, तर वाचले पन्नास सेकंद. हे पन्नास सेकंद कुठे खर्च करायचे ते आधीच ठरवून ठेवावे, कारण श्रावणी सोमवारी वेरूळला घृष्णेश्वराच्या गर्दीत ते पाच मिनिटांच्या आत परत घेतले जातात.

काळी-पिवळीच्या मालकांनी मात्र या भानगडीत पडू नये. त्या गाडीत गिअरची दांडी सार्वजनिक मालमत्ता आहे. चालकाच्या डावीकडे दोन पाहुणे, कधी उजवीकडेही एक, आणि दांडी या सगळ्यांच्या गुडघ्यांच्या मधोमध. लांब दांडीचा गोळा निदान गुडघ्यांच्या वर असतो. ‘मामा, जरा पाय तिकडं घ्या’ एवढे म्हटले की तिसरा पडतो. दांडी आखूड केली तर चालकाला दर वेळी गुडघ्यांच्या खोबणीत हात घालावा लागेल. शेजारी मामांऐवजी मावशी बसल्या असतील तर प्रकरण देवगाव रंगारी पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ शकते. ज्यांना खरोखरच आखूड गिअर हवा आहे त्यांनी बजाजच्या रिक्षाकडे पाहावे. तिचा गिअर डाव्या मुठीत आहे, मनगट फिरवले की पडतो. परदेशातली मंडळी ज्याच्यासाठी डॉलर मोजतात, ते रिक्षावाला मीटरशिवाय वापरतो.

हे सगळे ऐकूनही ज्याचा निश्चय ढळला नाही, त्याच्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला कुरिअरचा: आपल्याच गाडीच्या मॉडेलचे आणि सालाचे तयार किट मागवावे. दुसरा लेथचा: मिस्त्री दांडी हॅक्सॉने कापतो, लेथवाला नवे आटे पाडतो, वर नॉब फिरवून बसवतो. लेथचा मार्ग स्वस्त आहे आणि त्यात एक तत्त्वज्ञान आहे. कापलेली दांडी पुन्हा लांब होत नाही. मिस्त्रीला याबद्दल विचारले तर तो संभाजीनगरी दखनीत ‘हो जाता भाई, टेन्शन नक्को लो’ एवढेच म्हणतो. तेवढ्यावर ज्याचे टेन्शन जाते त्यानेच पुढे जावे.

काम सुरू करताना गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत. दगड विसरू नयेत. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून काम करायचे आहे. मग मधला कन्सोल काढावा. त्याच्या प्लॅस्टिकच्या क्लिपांपैकी निदान एक तुटते आणि तिचा कडकड आवाज पुढे कायम गाडीत राहतो. निघालेले बोल्ट एका ताटलीत ठेवावेत आणि ती ताटली घरातल्या मुलांपासून लांब ठेवावी. केबलचे टोक पक्कडीने उपटू नये. त्यातला प्लॅस्टिकचा सांधा चिरला की नुसता सांधा मिळणे अवघड, बहुधा अख्खी केबल घ्यावी लागते. नवी दांडी बसवल्यावर खालच्या गोळ्याला ग्रीस लावावे, न्यूट्रलची जागा नीट जुळवावी, आणि इंजिन बंद ठेवूनच सगळे गिअर टाकून पाहावेत. रबरी बूट आळसाने तसाच सोडला तर गिअरबॉक्सची घरघर, रस्त्याची धूळ आणि डिझेलचा वास हे तिघे बिनभाड्याचे प्रवासी मिळतात.

या टप्प्यावर अनेकांना एक शोध लागतो, आणि तो जरा उशिरा लागतो. जुनी दांडी काढताना दिसते, की ती लांब नव्हती, सैल होती. खालचा बुश झिजलेला असतो. न्यूट्रलमध्ये जी दांडी पंख्याच्या वाऱ्यानेही डुलते, तिचा अर्धा प्रवास गिअर टाकण्यात जात नाही, झिजेची पोकळी भरण्यात जातो. नवा बुश, कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे नवे गिअर ऑइल आणि केबलचे अ‍ॅडजस्टमेंट एवढ्याने दांडी पुष्कळ शहाणी होते. वर थोडा वजनदार नॉब लावला तर हाताला गिअर घट्ट पडल्याचे समाधानही मिळते. पण बुश बदलला हे मित्रांना दाखवता येत नाही, ही त्यातली मोठी उणीव.

कायद्याचे पान कुणी वाचत नाही म्हणून ते इथे मध्येच दिले आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेले भाग बसवून गाडीत फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आरसीवर इंजिन नंबर असतो, रंग असतो, आसनसंख्या असते. गिअरच्या दांडीची लांबी नसते. एवढ्यावरून आपण सुटलो असे समजण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे, आणि गाडी वॉरंटीत असेल तर शोरूममध्ये विचारावे. शोरूमवाल्यांचे उत्तर जास्त लवकर मिळते.

चाचणीसाठी पुष्कळ जण गाडी कन्नडमार्गे औट्रम घाटात नेतात. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथे जड वाहनांना बंदी आल्यापासून तर हा मोह वाढला आहे. तो आवरावा, निदान हात बसेपर्यंत. आखूड दांडीत गिअरांच्या जागा एकमेकींच्या फार जवळ येतात. पाचव्यातून चौथ्यात यायचे असताना दांडी डावीकडे जास्त सरकली तर दुसरा पडतो. पाचव्याचे गुणोत्तर ०.८ आणि दुसऱ्याचे २ धरा: मिनिटाला ३,००० फेरे मारणाऱ्या इंजिनाला चाके ओढून ७,५०० वर नेतात. इंजिन बंद ठेवूनसुद्धा दुरुस्तीचा खर्च टळत नाही, कारण इथे इंजिन गाडीला पळवत नसते, गाडी इंजिनाला पळवत असते.

फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओ आणली आणि क्लच पेडल नसलेला स्वस्त गिअर आपल्याकडे रुळला. तशी गाडी घेतलेल्यांनी हे मार्गदर्शन रद्दीत घालावे.

राहता राहिला नॉब. किटबरोबर आलेल्या नॉबवर बहुतेक वेळा सहा गिअरांचा नकाशा कोरलेला असतो, कारण तो कुठल्यातरी दुसऱ्या गाडीसाठी घडलेला असतो. मालकाच्या गाडीला गिअर पाच. नकाशात सहावा उजवीकडे खाली दाखवला आहे आणि स्विफ्टसारख्या गाडीत नेमका तिथेच रिव्हर्स आहे. म्हणून कायद्याला, किटला आणि मिस्त्रीला बाजूला ठेवून मालकाने आधी पाच गिअरांचे स्टिकर आणून नॉबवर चिकटवावे. हे काम उद्यावर टाकले की रविवार येतो, रविवारी मेहुणा येतो, आणि मेहुण्याला समृद्धी महामार्गावर गाडी चालवून पाहायची असते. ताशी १२० ची पाटी गेली, पाचवा भरला, आणि त्याने नॉबकडे पाहून दांडी उजवीकडे खाली ओढायला सुरुवात केली. पाचव्यातून थेट रिव्हर्स पडू न देणारी कुलपासारखी सोय बऱ्याच गिअरबॉक्समध्ये असते. ती आपल्या गाडीत आहे की नाही, हे मालक मॅन्युअलमध्ये शोधत असताना शेजारून आवाज येतो: ‘दाजी, सहावा पडंना हो. बसवताना काहीतरी राहिलंय बहुतेक.’