बारा टक्क्यांचे पप्पा

सर पूर्वी वाचायचे. पूर्वी म्हणजे पहिलं लेकरू होण्याआधी. आता ते वाचायच्या यंत्राबद्दल बोलतात. जुन्या मुंबई-नागपूर रस्त्यावर, सिंदखेडराजा आणि मेहकरच्या मधल्या आमच्या दुसरबीडात असे दोन-चार जण सहज निघतील. प्रत्येकाला वाटतं, गावात आपण एकटेच.

दर 12 जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवाला सिंदखेडराजाला जायचं आणि तिथल्या पुस्तकांच्या दुकानांतून दोन पिशव्या भरून आणायच्या, हा सरांचा नेम होता. पिशव्या उंबऱ्यातून आत आल्या की मॅडम शांतपणे विचारायच्या, “ठेवता कुठं? तुरीच्या कट्ट्यांवर?” एका वर्षी खरंच तिथं ठेवली, आणि उंदरांनी आधी पुस्तकं संपवली, मग तूर. त्यानंतर घरात किंडल आलं. अख्खं कपाट खिशात मावतं, असं सर सांगतात. खरा फायदा ते सांगत नाहीत: न वाचलेली पुस्तकं आता कोणाला दिसत नाहीत.

ऐकणारा भेटला की सर सुरू. हे यंत्र अमेरिकेत 2007 साली निघालं, भारतात 2012 साली विकायला आलं, आणि मराठी पुस्तकं त्यावर डिसेंबर 2016 मध्ये आली. या तारखा तोंडपाठ. थोरल्याची जन्मतारीख मात्र शाळेचा फॉर्म भरताना दरवेळी आधार कार्डावर पाहावी लागते. मग पडद्याचं शास्त्र. “भाऊ, याच्यात डोळ्याला दिसणार नाहीत इतक्या बारीक गोळ्या असतात. गोळीत काळे कण, पांढरे कण. करंट दिला की हवे ते कण वर येतात, अक्षर उमटतं. लाइट लागते ती पान उलटताना. उलटलेलं पान लाइटीशिवाय जागेवर राह्यते.”

“मंग आपल्या डीपीले असंच काही बसवा ना सर,” पारावरून कोणीतरी म्हणतं.

घरात या यंत्राचं काय होणार, अशी सरांना धास्ती होती. मोबाइल लेकरांच्या हातून सोडवायला दोन माणसं लागतात. थोरल्यानं यंत्र घेतलं, चारी बाजूंनी दाबून पाहिलं आणि विचारलं, “पप्पा, हा मोबाइल मेला का?” गेम नाही, गाणं नाही, रंगही नाही. पुन्हा हात लावला नाही त्यानं. धाकटीनं भातुकलीत त्याचं ताट केलं, पण ताट म्हणूनही ते तिला फार आवडलं नाही. लेकरांच्या घरात वस्तू टिकवायची तर ती इतकी कंटाळवाणी पाहिजे. कंपनीनं हे जाहिरातीत का लिहू नये?

वाचायला वेळ कधी, तर ट्यूशनच्या दारात गाडीवर बसून. नाहीतर धाकटीला एका हातानं थोपटत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं पान उलटत; त्यात धाकटीच्या आधी सर झोपतात. हिवाळ्यात शेतीची लाइट रात्रीची असली की हरभऱ्याला पाणी द्यायला जायचं आणि धुऱ्यावर गोधडी पांघरून बसायचं. यंत्राला स्वतःचा उजेड आहे. पण स्प्रिंकलरचे पाइप बदलून येईस्तोवर पान जागच्या जागी असतं आणि मामा कोण, भाचा कोण, हे सरांच्या डोक्यातून गेलेलं असतं. म्हणून पुन्हा पहिल्यापासून. सहाशे पानांची ती कादंबरी किती झाली म्हणून विचारा, पोळा असो की होळी, उत्तर ठरलेलं: “बारा टक्के. दोन लेकरं आहेत हो, वेळ कुठं भेटते?”

लेकरांचा डबा, वह्यांची कव्हरं, लसीची तारीख, डोक्यातल्या उवा आणि वर्गाच्या ग्रुपवर रात्री साडेनऊला येणारं ‘उद्या बेडूक बनवून आणणे’ हे सगळं मॅडमकडे असतं. सरांकडे ट्यूशनला सोडणं, आणणं आणि थकणं. यंत्राचं खातंही मॅडमच्याच मोबाइलवर उघडलेलं, कारण ओटीपी तिथं येतो.

परवा सरांनी यंत्र उघडलं तर ते विचारू लागलं: ही कादंबरी दुसरीकडे 91 टक्क्यांपर्यंत वाचली गेली आहे, तिथं जायचं का? सरांना घाम फुटला. खातं फोडलं! बँकेला कळवावं की पोलिसांना, ते ठरेना. ते तसेच स्वयंपाकघरात धावले. मॅडम पोळ्या लाटत होत्या. डाळीच्या डब्याला मोबाइल टेकवलेला. कणकेच्या हाताची तेवढी करंगळी कोरडी ठेवलेली, तिनं पान उलटत होत्या.

“तुम्ही वाचू राह्यल्या हे?”

“तो मामा मेला त्यात,” मॅडम वर न पाहता म्हणाल्या. “तुम्ही जरा भाजी पाहा, खाली लागंल. माझे नऊ टक्के राह्यले.”