डार्कटायगर आणि वडशाचं नाटक

नोकरीसाठी आता नुसता बायोडाटा चालत नाही, पोर्टफोलिओ लागतो, ही बातमी आमच्या घरी भाच्याने आणली. पोरगा गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाचा. गोंडवाना विद्यापीठातून बी.एस्सी. झालेला, पुण्याच्या कंपन्यांत अर्ज करून राहिलेला. गोंदिया-बल्लारशा गाडीने चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनला उतरला आणि चहाच्या आधीच म्हणाला, "मामाजी, मजकूर तेवढा तुम्ही लिहून द्या. बाकी मी पाहतो."

बाकीचं त्यानं खरंच पाहिलं होतं. गिटहब पेजेसवर साइट फुकटात उभी राहते. खात्याच्या नावापुढे 'डॉट गिटहब डॉट आयओ' जोडून त्या नावाची एक रिपॉझिटरी काढायची, तिच्यात इंडेक्स डॉट एचटीएमएल ही फाइल टाकायची, की झालं. फक्त खात्याचं नाव तोच साइटचा पत्ता होतो, आणि बारावीत असताना यानं खातं उघडलं होतं 'डार्कटायगर९९' या नावानं. ताडोब्याच्या मुलखात वाघाचं नाव लावायला कोण ना म्हणेल? पण पुण्याच्या एचआरबाई अर्ज जिप्सीवाल्यांच्या गठ्ठ्यात टाकतील, ही मला भीती. नाव बदललं.

फोटोनं मात्र दम काढला. लॅपटॉपवर झकास, साइटवर नुसती रिकामी चौकट. फाइलच्या नावात जेपीजी मोठ्या अक्षरांत, कोडात लहान. विंडोजला दोन्ही सारखेच. तिकडचा सर्व्हर मात्र तलाठ्यासारखा, कागदावरच्या नावात काना-मात्रेचाही फरक चालत नाही. तो घोळ निस्तरला, तर फोटो मोबाइलमधून जसाच्या तसा चढवलेला, चांगला सहा एमबीचा. वडशाला ताईच्या फोनवर पोराचं कपाळ दिसायचं आणि हनुवटी येईस्तोवर चहा उतू जायचा.

आयत्या टेम्प्लेटमध्ये कौशल्याच्या पट्ट्याही होत्या. जावा ९० टक्के, पायथन ८५ टक्के. ताईनं फोनवर विचारलं, "काहून रे, नव्वद टक्के येते त बाकीचे दहा का झाले?" संगणकशास्त्रात याला उत्तर नाही. पट्ट्या काढल्या.

मग 'प्रकल्प' नावाचा रकाना. तिथं हवामान दाखवणारं अ‍ॅप आणि एका काल्पनिक कॉफी शॉपची साइट. चंद्रपूरच्या मे महिन्यात हवामान सांगायला अ‍ॅप कशाला लागतं, आणि वडशात कॉफी कोण पितं? "स्वतःचं असं काही केलं नाही का बे?" खोदून विचारल्यावर पोरगं लाजत म्हणालं, "एक आहे. पण मराठीत आहे."

निघालं काय, तर झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचं वेळापत्रक. कोणत्या गावात, कोणत्या रात्री, कोणतं नाटक. मंडईच्या जत्रा आणि बैलांच्या शंकरपटाच्या हंगामात गावोगावची मंडळं नाटक ठरवायला वडशाला येतात. कंपन्यांची ऑफिसं तिथंच. यानं त्यांची पत्रकं गोळा करून तारखांची यादी केली, गावाच्या नावानं शोधायची सोय केली. गावातली माणसं ती खरोखर वापरतात. आणि हे बाळ ते लपवून कॉफी विकत बसलेलं!

मी म्हटलं, त्या पत्रकांकडेच नीट बघ. नाटकाचं नाव, नट-नट्या, ठिकाण, रात्र, संपर्क. नायिकेचं रडणं ९५ टक्के, असं कोणी छापतं का? त्यांच्या धंद्याची अक्कल टेम्प्लेटवाल्यापेक्षा जास्त आहे. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीच्या कामासाठी, तेव्हापासून ताईच्या लेखी पुण्याची नोकरी हा दोन नंबरचा पर्याय आहे.

अखेर एकाच पानाची साइट झाली. वर नाव, खाली ते वेळापत्रक, ते कसं केलं याच्या चार ओळी, कोडची लिंक. संपर्कात ईमेल पुरे, असं भाचा म्हणत होता. ताईनं फोन नंबर टाकायला लावला, तोही मोठ्या अक्षरांत.

आठवड्याच्या आत फोन आला. पोरगं उठून उभं राहिलं, घसा साफ केला, इंग्रजीत "गुड मॉर्निंग सर" म्हणालं.

"हॅलो, कंपनी का? आमच्या गावी शंकरपट आहे," पलीकडून आवाज आला. "नाटक कितीले देता? आन् लावणीवाली बाई येते न?"