खड्डा कोणाचा?

आंजर्ल्यात वाटपाच्या बैठकीत नारळी-पोफळीच्या आगरावर सगळे तुटून पडतात. सड्यावरचा तुकडा मात्र ‘तू घे, तूच घे’ म्हणत एकमेकांना जिलबीसारखा आग्रहाने वाढला जातो. सातबाऱ्यावर त्याची नोंद पोटखराबा. पावसात गवत, एरवी काळा कातळ.

मग एखादा चिरेखाणवाला कातळावर टाच आपटून ‘जांभा बरा आहे हो’ एवढंच म्हणतो, आणि डोंबिवली-बोरिवलीतून वारस उगवतात. खाणीला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. त्यात २००५च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीही मुलांच्या बरोबरीच्या. त्यामुळे जिला कित्येक वर्षांत कुणी आंब्याची पेटी धाडली नव्हती, त्या आत्याला रोज फोन.

“आत्या, तब्येत कशी आहे?”

“कागद पाठव. तब्येतीचं मागाहून सांगते.”

गंमत अशी की ज्या दगडासाठी हा जिव्हाळा, तो आमचा नाहीच. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम ४८: सनदेत स्पष्ट दिलेलं नसेल तर खनिज शासनाचं. वरचं गवत आमचं, खालचा चिरा सरकारचा. काढायचा तर परवाना घ्या, ब्रासमागे, म्हणजे शंभर घनफुटांमागे, रॉयल्टी भरा. आपल्याच सड्यावरच्या दगडाची रॉयल्टी आपण का भरायची, हे काकांना शेवटपर्यंत पटलं नाही. गुप्तधनाची आशा धरावी, तर १८७८च्या कायद्याने दहा रुपयांवरचा हंडा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

टेक्सासात म्हणे आजोबा वरची शेती एका नातवाला आणि खालचं तेल दुसऱ्याला लिहून देऊ शकतात. तिथली भाऊबंदकी किती खोल जात असेल! इकडे शेजारच्या गोव्यात पोर्तुगीजांनी दिलेले खाणींचे हक्क घराण्यांत वारशाने चालत आले. १९८७च्या कायद्याने त्यांचे भाडेपट्टे झाले, आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नूतनीकरण झालेले ८८ पट्टे रद्द केले. तेव्हा पणजोबांनी आम्हांला मागे ठेवली ती फक्त सही. करायची की नाही, एवढंच आमच्या हातात.

आणि ते सोपं नाही. ताजा चिरा सहज तासता येतो, वारा लागला की टणक होतो. आमचे वारसही पहिल्या फोनला मऊ होते, भाव कळल्यावर घट्ट झाले. पैशांची गरज मात्र खरी आहे. कुणाच्या मुलीचं शिक्षण आहे, कुणाचं घर गळतंय. पण हाच जांभा पावसाचं पाणी पोटात घेऊन खालच्या वाडीच्या विहिरींना सावकाश सोडतो, हेही खरं. चिरे गेले की उरतो चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा. ठेकेदार म्हणाला, पाणी साठेल, मासे सोडा. मासे सोडायला सगळे तयार होते. विहिरींचा विषय कुणी काढला नाही.

आत्याने चष्मा लावून संमतीपत्र दोनदा वाचलं.

“दगड सरकारचा, नफा ठेकेदाराचा, थोडे पैसे आपले. बरं. आणि खड्डा कोणाचा?”

यावर मात्र बैठकीत पहिल्यांदाच एकमत झालं. खड्डा धाकट्याचा. त्याला त्या दिवशी रजा मिळाली नव्हती.