ऐनवेळच्या काकू

रात्री नऊला, जेवणं उरकल्यावर पोरगी शांतपणे सांगते, "आई, उद्या मले जिजाऊ व्हायचं हाये. बाईनं परवाच सांगतलं होतं." बुलढाणा जिल्ह्यात जानेवारीत ही आपत्ती कुठल्याही घरावर कोसळू शकते. ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती, १२ ला जिजाऊंची. जिजाऊ तर आमच्याच सिंदखेड राजाच्या. टाळाटाळ करायची सोयच नाही. त्यात विवेकानंदांची जयंतीही १२ लाच, म्हणजे धाकटा भाऊही रांगेत उभा.

अशा वेळी सगळे काकूंकडे धावतात. प्रत्येक गल्लीत अशा एक काकू असतातच. भाड्याच्या ड्रेसचं नाव काढलं की त्या उखडतात, "पैसे देऊन तं कोणीबी जिजाऊ होते!" आल्या आल्या त्या पोरीकडे बघत नाहीत, घराकडे बघतात. त्यांच्या लेखी घरातली एकही वस्तू तिच्या नेमून दिलेल्या कामासाठी नसते. दारावरचं मोत्यांचं तोरण दोन मिनिटांत गळ्यातला हार होतं. कूलरच्या खोक्यातून तलवार निघते आणि पोळ्यांच्या फॉइलनं तिला धार चढते. बाबांचा पट्टा कंबरेला जातो. आजीचं नऊवार लुगडं सात वर्षांच्या पोरीभोवती असं गुंडाळलं जातं, की ती आत नेमकी कुठं आहे हे हाक मारून विचारावं लागतं.

भाऊ आईच्या भगव्या गाऊनमध्ये विवेकानंद होतो. थंडी फार, म्हणून फेट्याखाली माकडटोपी. १८९३ साली शिकागोतही एवढा बंदोबस्त नसेल.

शेजारचा पोरगा अगदी निघायच्या वेळी उगवला, तर काकूंचा हुकमी एक्का म्हणजे गाडगेबाबा. डोक्यावर मडकं, हातात खराटा, अंगावर ठिगळं. अभ्यास पक्का : एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटकी बांगडी. ठिगळं मुद्दाम लावावी लागत नाहीत, आजोबांचं धोतर तयारच असतं. वर शाळेचं मैदानही झाडून निघतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा गोधडीतून बाहेर यायला तयार नसतात. बाबा एका हातानं पँट धरून दुसऱ्या हातानं गाडीची किल्ली शोधतात. अंगण बिनझाडलेलं. अर्धं घर शाळेच्या स्टेजवर उभं असतं.

पहिला नंबर अर्थातच भाड्याच्या ड्रेसला जातो. काकू डगमगत नाहीत. "नंबर ड्रेसले भेटला, पोरीले नाही," असा निकाल देऊन, चहा घेऊन त्या निघतात. परवा जाता जाता त्यांनी आमच्या खिडकीच्या केशरी पडद्याचं टोक चिमटीत धरून पोत पाहिला. २६ जानेवारीला गल्लीतली कुठली पोरगी भारतमाता होणार आहे, याची चौकशी करून मी पडदा त्याच रात्री भिजत घातला.