छंद लावून घेण्याची रीतसर पद्धत
(चंदगड तालुक्यात राहून पुण्या-बंगळूरचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी नियमावली)

१. पात्रता

छंद हा ताणावरचा उपाय असल्यामुळे अर्जदाराकडे आधी पुरेसा ताण असणे आवश्यक आहे. नसल्यास शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता नवा कोड लाइव्ह करावा; सोमवारपर्यंत पात्रता आपोआप येते. खुणा सोप्या आहेत. आईने ‘जेवायला कधी येतोस?’ विचारल्यावर ‘पुढच्या स्प्रिंटमध्ये घेऊ’ असे उत्तर तोंडून जाते. जुलैच्या पावसात लाईट गेली, इन्व्हर्टरही बसला, की इतरांना अंधार दिसतो आणि आपल्याला सुट्टी दिसते. यांपैकी एकही खूण नसेल तर आपण बहुधा मॅनेजर आहात. ही नियमावली आपल्याला लागू नाही.

२. घरच्यांची ना-हरकत

छंदासाठी वेळ मागण्याआधी आपण सध्या काम करतो आहोत, हे घरात सिद्ध करावे लागते. इथेच बहुतेक अर्ज फेटाळले जातात. जो खुर्चीवर बसलाय तो रिकामा, हा घरचा कायदा आहे. रोप लावणीच्या दिवसांत आबा दारातून डोकावतात, कानाला हेडफोन लावून आपण मान हलवत असतो, आणि ते म्हणतात, “बसलाईस न्हवं नुसता? चल रानात.”

काम तुंबलंय असे सांगितले तर आबांकडे तोडगा तयार असतो: “उरकंना व्हय? मग चार माणसं वाढवा की.” लावणीत हे शंभर टक्के खरे आहे. पैऱ्याने चार घरची माणसे आली की चिखल केलेले रान दुपारपर्यंत हिरवे होते. ज्याने त्याने आपली मूठ घ्यायची, रोप टोचायचे आणि मागे सरकायचे. शेजारच्याला काही समजावून सांगावे लागत नाही.

सॉफ्टवेअरचे गणित उलटे आहे. आयबीएममध्ये ओएस/३६० या अवाढव्य प्रणालीचे काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ च्या पुस्तकात लिहून ठेवले की, उशीर झालेल्या कामावर माणसे वाढवली की उशीर आणखी वाढतो. नव्या माणसाला समजावण्यात जुन्याचे हात अडकतात आणि आपसातली बोलाचाली वाढत जाते. ५ जणांत १० जोड्या, १० जणांत ४५. हे आबांना जरूर सांगावे, मॅनेजरला सांगू नये. आबांना पटण्याची निदान शक्यता असते.

३. छंदाची निवड

तालुक्यात उपलब्ध असलेले छंद खालीलप्रमाणे.

*(अ) साहित्य.* ‘स्वामी’कार रणजित देसाई कोवाडचे. त्यामुळे ताम्रपर्णीच्या काठावर बसले की कादंबरी सुचते, असा समज आहे. सुचतेही, पण पहिल्या प्रकरणापुरती. दुसऱ्या प्रकरणात पेशव्यांच्या दरबारात कारकून उठून कालचे काय झाले, आजचे काय करणार आणि अडचण काय, हे सांगू लागला की वही मिटावी.

*(आ) दुर्गभ्रमण.* पारगड, कलानंदीगड, महिपाळगड, गंधर्वगड असा भरपूर साठा आहे. मात्र ऑन-कॉल पाळी असताना पारगडावर जाऊ नये. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यासाठी शिवछत्रपतींनी हा गड वसवला आणि तानाजीपुत्र रायबा मालुसरे यांच्याकडे सोपवला. चंद्रसूर्य आहेत तोवर गड जागता ठेवा, अशी आज्ञा झाल्याचे सांगतात, आणि मालुसऱ्यांचे वंशज आजही गडावर नांदतात. साडेतीनशे वर्षांत पाळी बदलून मागितली नाही! तिथे उभे राहून आपण शनिवार-रविवारच्या पाळीचे रडगाणे गायचे, म्हणजे दगडांनाही लाज.

*(इ) वन्यजीव निरीक्षण.* गवे आणि कधीमधी हत्ती स्वतःहून रानात येतात. पण ज्याच्या उसात हत्ती शिरलाय त्याच्या बांधावर कॅमेरा घेऊन जाणे हा छंद नव्हे, ते धाडस आहे. धोका हत्तीकडूनच असतो असे नाही.

*(ई) काजू.* नवशिक्यांसाठी सर्वोत्तम. शेजारच्या वहिनी काजूच्या कारखान्यात जातात. त्यांना मस्का मारून एक दिवस शेजारी बसावे. वाफवून गार केलेली बी पात्यांच्या मध्ये ठेवायची, पायाने पट्टी दाबायची, दांडा फिरवायचा, टरफल उघडायचे, आतला गर अलगद काढायचा. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, म्हणून हातांना आधी काहीतरी चोपडायचे. मग गर वाळवणे, साल काढणे आणि प्रतवारी. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात, सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, साधारण ३२० अख्खे गर. आकडा जितका लहान तितका काजू मोठा आणि महाग. पात्याचा नेम चुकला की अख्ख्याची पाकळी होते, पाकळीचा तुकडा होतो, आणि भाव घसरतो. आपण सवयीने कंट्रोल-झेड शोधतो. ते बटण तिथे नाही.

४. छंदाचे व्यवस्थापन

छंद लागताच त्याची एक्सेल शीट उघडावी. आठवड्याला किती किलो, अख्खे किती, पाकळी किती, मागच्या आठवड्याहून वाढ किती. मग मोबाइलच्या कॅमेऱ्याने प्रतवारी ओळखणारे ॲप करायला घ्यावे. ॲप म्हटले की बग आले, बग म्हटले की तारीख आली. महिन्याभरात या ॲपचाही ताण येऊ लागला म्हणजे पद्धत बरोबर लागू पडली. या ताणावर उपाय म्हणून नवा छंद शोधावा व कलम १ पासून पुन्हा सुरुवात करावी. या लूपला बाहेर पडण्याची अट लिहिलेली नाही. ती लिहिण्याचे काम बॅकलॉगमध्ये आहे.

५. अपवाद

काही मंडळी कलम ४ पाळत नाहीत. १९८९ च्या नाताळात खिदो फान रॉसम यांनी सुट्टीतला विरंगुळा म्हणून एक भाषा लिहायला घेतली, ती पायथन. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक छोटी प्रणाली करतोय, फार मोठे काही नाही, असे कळवले, ती लिनक्स. ज्यांच्या जिवावर आपण डेडलाइनच्या नावाने बोटे मोडतो, त्या दोन्ही वस्तू जन्मल्या तेव्हा त्यांना डेडलाइन नव्हती. ‘कधी होणार?’ विचारणारे कोणी नव्हते, एवढीच त्यांची चैन.

हेच वहिनींना सांगून पाहावे. त्यांना किलोवर मजुरी मिळते, त्यामुळे काजू सोलण्यात मन कसे रमते हे आपले प्रवचन त्या मान खाली घालून ऐकतात, हात थांबवत नाहीत. शेवटी विचारतात, “तुमास्नी ह्याचं कोण पैसं देतंय?” कोणी नाही. “संध्याकाळी मोजून घ्याला कोण येतंय?” कोणी नाही. “मग निवांत बसा की. कशाला लिहून ठेवताय?”

सबब, कलम ४ या क्षणापासून रद्द समजावे. एक्सेल शीट पुसावी. सोललेला काजू न मोजता खावा.

६. दुरुस्त्या

सूचना चंदगडच्या बाजारात समक्ष भेटून द्याव्यात, चहा पाजल्यास विचार होईल. सुधारित आवृत्ती कधी निघणार, हे मात्र विचारू नये.