भावी वकीलसाब

बऱ्हाणपुरात वकीलसाब व्हायला सनद लागत नाही. नववीत असताना ट्यूशनच्या सरांशी गृहपाठावरून दोन वाक्यं जास्त बोललं, की गल्लीच सनद देऊन टाकते. मग किराणेवाला, दूधवाला, सगळे 'या वकीलसाब' म्हणू लागतात आणि पोराला दुसरा कुठलाही धंदा करायची सोय उरत नाही. आमच्या लालबागेत असे निदान चार वकीलसाब आहेत. आईबाप वेगळे, बाकी माल एकच. त्यामुळे मी कुणा एकाविषयी लिहितोय म्हणून अब्रूनुकसानीचा दावा लावता येणार नाही. लावायचाच असेल, तर आधी कुठल्यातरी कॉलेजात प्रवेश घ्यावा.

सुरुवात 'क्लॅट'ने होते. दोन तास, १२० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, चुकलं की पाव गुण कापला. या परीक्षेतून भोपाळचं नॅशनल लॉ इन्स्टिट्यूट मिळतं आणि ते आईला पसंत असतं. भोपाळला थेट गाडी आहे, गाडीत ओळखीचं कुणीतरी भेटतंच, त्याच्या हाती लाडू पाठवता येतात. वकीलसाब दोनदा बसतात, दोन्ही वेळा 'अगदी थोडक्यात' हुकतात. थोडक्यात म्हणजे किती, हे घरात विचारायचं नसतं. तिसऱ्या वर्षी बी.कॉम. होता होता त्यांचा सिद्धांत तयार असतो: "काका, ही परीक्षा माणूस ओळखतच नाही. माझं म्हणणं चार पर्यायांत बसत नाही."

बसत नाही हे खरं. त्यांचं म्हणणं आमच्या ओट्यावरही बसत नाही, पार रस्त्यापर्यंत जातं.

मग कुणीतरी सांगतं की बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलची स्वतंत्र परीक्षा आहे, 'एनएलसॅट'. तीन वर्षांच्या पदवीसाठी तिथे नुसते गोल काळे करून भागत नाही, हाताने उत्तरं आणि निबंधही लिहावा लागतो. त्याच्याही पलीकडे अमेरिका आहे. येल विद्यापीठ अगदी मोजक्या शब्दांचा निबंध मागतं. हार्वर्डला दोन लागतात, एक हेतूचा आणि एक दृष्टिकोनाचा. ही बातमी आली त्या संध्याकाळी वकीलसाबांनी गल्लीत मावा जिलेबी वाटली. प्रवेश मिळाल्यावर वाटतात तशी.

"पप्पा, तिथे तुम्ही कोण आहात हे विचारतात!"

"मग आधार कार्ड पाठव ना," पप्पा म्हणाले आणि पॉवरलूमकडे निघून गेले.

पहिला मसुदा कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकाकांनी करून दिला. काकांचं आयुष्य शपथपत्रांत गेलेलं. त्यांच्या हातून प्रत्येक परिच्छेद 'यह कि'नेच सुरू होतो. "यह कि प्रार्थी को बचपन से ही न्याय से लगाव रहा है. यह कि प्रार्थी के विरुद्ध कोई प्रकरण लंबित नहीं है." शेवटी ठिकाण, दिनांक आणि दोन साक्षीदारांच्या जागा. हार्वर्डच्या दृष्टिकोनाच्या निबंधाला साक्षीदार लागत नाहीत हे काकांना पटेना. "बिगर साक्षीदाराचा दृष्टिकोन टिकतो का कुठे?" असं त्यांनी मलाच विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

दुसऱ्या मसुद्यापासून वकीलसाबांनी गावाला कामाला लावलं. आणि खरं सांगायचं, तर असल्या निबंधांसाठी बऱ्हाणपूरसारखं गाव नाही. मुमताज महल १६३१ मध्ये इथेच, चौदाव्या बाळंतपणात गेली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरतं दफन केलं, काही महिन्यांनी पार्थिव आग्र्याला नेलं आणि ताजमहाल तिकडे झाला. वकीलसाबांनी या एका बाईकडून किती उत्तरं वसूल केली, त्याला गणती नाही. 'अपयशातून काय शिकलात?' ताजमहाल हातचा गेला. 'समाजातला कुठला अन्याय तुम्हाला अस्वस्थ करतो?' बाळंतिणींचे मृत्यू. 'आमचंच विद्यापीठ का?' मोठ्या गोष्टी शेवटी बाहेरगावीच उभ्या राहतात. उरलेल्या प्रश्नांना बाकीचं गाव पुरलं. विविधतेला जामा मशीद, कारण तिथे अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. पाण्याच्या हक्काला कुंडी भंडारा: १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्यात मुरणारं पाणी शंभरावर कुंड्यांमधून जमिनीखालून गावात आणलं, तेही पंपाशिवाय. नैतिक पेचाला असीरगड. १६०१ मध्ये अकबराने तो घेतला तो सोन्याच्या किल्ल्या वापरून, म्हणजे लाच देऊन, असं म्हणतात.

मी सगळं वाचलं आणि म्हणालो, "झकास आहे. पण यात तू कुठे आहेस?"

इथून वकीलसाबांचा खरा छळ सुरू झाला. कारण त्यांच्या बाबतीत काही घडलेलंच नाही. घरी चार मागांचा पॉवरलूम, शहापूरकडे केळीचा मळा, आजी अजून स्वतः भाकरी करते, इन्व्हर्टर नवा. थोर माणसं नदी पोहून शाळेत जात. तापीवर पूल आहे आणि पुलावरून मोटारसायकल जाते. दिव्याखाली अभ्यास करावा म्हणून त्यांनी घरातली वीज बंद करायला सांगितली, तर आजीने देवाजवळची समई उचलू दिली नाही. "बाहेर खांबाखाली बस," म्हणाली. बसले. दहा मिनिटांत तीन मित्र जमले, चहा आला, आणि संघर्ष संपला.

पप्पांना कीव आली. ते म्हणाले, "केळीच्या विम्याचं लिही की. रावेरच्या केळीला हवामानाचा विमा, मधे नुसती एक राज्याची हद्द, आणि आपण इकडे वर्षानुवर्षं अर्ज करतोय." सीएमव्ही रोगाने एका हंगामात किती झाडं उपटावी लागली, वाऱ्याने किती आडवी झाली, हे पप्पा जेवताना अर्धा तास सांगत होते. वकीलसाबांनी वहीत टिपलं, मग पेन ठेवून दिलं. "पण पप्पा, यात संघर्ष तुमचा आहे. माझा कुठाय?"

येलच्या निबंधाचा पहिला मसुदा दोन हजार शब्दांच्या आसपास गेला होता. रावेरचे मामा केळीचे व्यापारी. शब्दांची अट ऐकून ते हसायलाच लागले. "एवढ्या शब्दांत माझे पाच ट्रक दिल्लीला जातात रे. त्यातले निम्मे शिव्या असतात."

शिफारसपत्राचं मात्र वेगळं झालं. कॉलेजच्या सरांकडे गेल्यावर ते आपल्याकडे सगळे म्हणतात तेच म्हणाले: "तूच लिहून आण, मी सही करतो." वकीलसाबांनी ते पत्र अर्ध्या तासात लिहिलं. सरांच्या नावाने, स्वतःविषयी. मला वाचायला दिलं तेव्हा मी पान उलटून पाहिलं, मागे मुमताज आहे का. नव्हती.

त्यात लिहिलं होतं की हा विद्यार्थी वर्गात उशिरा येतो आणि आल्यावर वाद घालतो. मंगळवारी येतच नाही. मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते. खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्यांना मराठी येते, थोडी निमाडी येते, पण अर्ज हिंदीत लागतो. हा तिथे पायरीवर बसून तो लिहून देतो. विम्याचे, पेन्शनचे, शेताच्या रस्त्याचे. पैसे घेत नाही. एकदा एका आजीने केळ्यांचा फणा दिला तो घेतला. अर्ज दिल्यावर पोच मिळेपर्यंत खिडकीपासून हलत नाही, त्यामुळे बाबू त्याला कंटाळलेले आहेत. त्याचं अक्षर वाईट आहे.

मी म्हणालो, "अरे, बाकीचं सगळं फाड. हेच पाठव."

"हे कसं पाठवणार, काका?" वकीलसाब खरोखर दुखावले. "हे तर सरांचं मत आहे. आणि मंगळवारचं काय लिहायचं? ते तर मी असंच जातो."

पत्र सहीला गेलं. सरांनी दोनदा वाचलं आणि त्यांना काळजी वाटली. 'अत्यंत तेजस्वी' नाही, 'बहुमुखी प्रतिभा' नाही. परदेशात लोक काय म्हणतील, बऱ्हाणपूरच्या प्राध्यापकाला चार ओळी लिहिता येत नाहीत? दुसऱ्या दिवशी पत्र सही-शिक्क्यासह परत आलं. अक्षराविषयीचं वाक्य सरांनी खोडलं होतं. आणि वर, अगदी पहिल्या ओळीच्याही आधी, लाल शाईने एक वाक्य वाढवलं होतं: ज्या ऐतिहासिक नगरीत मुमताज महलने अखेरचा श्वास घेतला, त्याच नगरीचा हा सुपुत्र.