माफीमास्तर

जाफराबादच्या बहुतेक गल्ल्यांत एक तरी निवृत्त मास्तर असतात आणि लेकरांना भांडायला नेमका त्यांच्याच ओट्यापुढचा रस्ता लागतो. भांडण रंगात असेपर्यंत मास्तर पेपरातून डोकं वर काढत नाहीत. रडण्याचा आवाज आला की चष्मा कपाळावर चढतो. "इकडं या दोघंबी. काहून ढकललं रे?"

नोकरीत असताना काम सोपं होतं. कान धर, उठाबशा काढ, विषय संपला. पुढं २००९चा शिक्षण हक्क कायदा आला. त्याच्या १७व्या कलमानं शाळेत मारणंही बंद केलं आणि लेकराला घालूनपाडून बोलणंही. छडी गेली तसे मास्तर मनापासूनच्या माफीकडं वळले. नुसत्या 'सॉरी'वर ते कुणाला सोडत नाहीत. "भिंतीची माफी मागतो का? त्याच्याकडं बघून म्हण. 'पण त्यानंच आधी' हे खोड. परत!" शेवटी मार खाल्लेलं पोरगंच कंटाळतं, "जाऊ द्या मास्तर, मला लागलंच नव्हतं." जवळच्या असईला १८०३ साली इंग्रज सेनापती वेलस्ली शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून आला, तेव्हा मास्तर ओट्यावर नव्हते. नाहीतर इंग्रज माफी न मागता सुटते ना!

पण त्यांची एक गोष्ट मला पटते. पोळ्याच्या आदल्या दिवशी पूर्णेवरून बैल धुऊन आले की खांदमळणीला ते पोरांना गोठ्यात नेतात. "वर्षभर जू कुठं घासलं? खांद्याला. मग तूप-हळद कुठं लावायची? शिंगाला नाही. जिथं लागलं, तिथंच हात गेला पाहिजे."

स्वतः मास्तरांनी काकूंची माफी मागितल्याचं मात्र ऐकिवात नाही. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी ते न सांगता मेथीची जुडी आणतात. काकूंनी ती निवडता निवडता काय ते समजून घ्यायचं.

यंदा त्यांच्या नातवानं शेजारच्या पोराला खांद्यावर बुक्की घातली आणि कुणी सांगायच्या आत तुपाची वाटी न् हळदीचा डबा घेऊन पळाला. पोराच्या अंगात शाळेचा पांढरा शर्ट. थोड्या वेळात त्याची आई तो शर्ट घेऊन ओट्यापुढं हजर.

मास्तरांनी शर्ट उजेडात धरला. "जागा बरोबर धरली पोरानं," म्हणाले, आणि मान न वळवता शर्ट मागं काकूंकडं सरकवला. "अहो, चुकलंच पोराचं. एवढा शर्ट भिजवता का?"

आतून काकूंचा आवाज आला, "आधी इकडं बघून म्हणा."